थांबाबाईची साक्ष

नर्सिंगच्या प्रवेशाची वयाची अट उठली, त्या वर्षी माझी आई माझ्या वर्गात आली.

तिचा तसा काही बेत नव्हता. बारा वर्षं ती आमच्या पंचक्रोशीत घरोघर आरोग्याचं काम करणारी आशाताई म्हणून फिरली होती. माझा प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरताना तिने स्वतःचाही भरून टाकला, कारण परीक्षेच्या दिवशी तीन तास बाहेर बसून करायचं काय, हा तिच्यापुढे प्रश्न होता. निकाल लागला तेव्हा तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त होते. बाबांनी यादीत दोन्ही नावं वाचली, दुर्वा घाडीगावकर आणि सुवर्णा घाडीगावकर, आणि म्हणाले, "आता डबे कोण करणार?" दोघींपैकी कुणीच बोललं नाही, तेव्हा ते स्वतःच करायला लागले.

मी एकोणीस वर्षांची, ती त्रेचाळीस. मी तिच्याकडून काही वचनं घेतली. वर्गात माझ्या बाकावर बसायचं नाही, केसांना तेल लाव म्हणून सांगायचं नाही, मला 'मिस घाडीगावकर' म्हणायचं. तिने ती पाळली. पंचाईत माझीच झाली. वर्ग तिला सुवर्णाताई म्हणायचा. मी आईला ताई कशी म्हणणार, आणि सगळ्यांदेखत आई तरी कशी म्हणणार? शेवटी मी तिला 'अहो' म्हणू लागले. "अहो, ती बीपीची पट्टी द्या जरा." दोन वर्षं हे असं चाललं.

आमच्या घरातलं बोलणं मालवणी. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून मी ते साध्या मराठीत लिहिते आहे. आमचे पेशंट मेस्त्रीकाका, त्यांचं मात्र तसंच ठेवते, कारण ते बदललेलं त्यांना खपणार नाही.

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात थांबाबाई आली ती आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना. थांबाबाई म्हणजे औषधाची गाडी. चार चाकं, चाळीस खण, वर एक पडदा आणि एक अतिशय सभ्य बाईचा आवाज. तिचं कंपनीने ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण दिवसातून शंभर वेळा ती "कृपया थांबा" म्हणायची, त्यामुळे दुसरं नाव टिकणं शक्य नव्हतं. विद्यार्थिनींसाठी तिचा खास कायदा होता. प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय खण उघडायचा नाही. "हे औषध कशासाठी? देण्याआधी काय मोजाल? काय दिसलं तर देणार नाही?" मी पुस्तकातली वाक्यं घडाघडा म्हणायची. आईने प्रत्येक औषधाचं गाणं करून ठेवलं होतं.

"डिजॉक्सिनच्या आधी गं, नाडी मोजून घेई, साठाच्या खाली गेली तर गोळी देणं नाही," असं ती भर वॉर्डात म्हणायची आणि खण उघडायचा. पेशंट खूश व्हायचे. मी दुसऱ्या खोलीत निघून जायची.

थांबाबाईची खरी ताकद खणांत नव्हती, टिकलीत होती. प्रत्येक पेशंटच्या दंडावर रुपयाएवढी एक चकती चिकटवलेली असे. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक अशा शेकडो सुया. त्या रक्तापर्यंत जात नाहीत, कातडीखालच्या ओलाव्यापर्यंतच पोचतात, म्हणून दुखत नाहीत. प्रत्येक सुईच्या टोकाला एकेका औषधाचा रेणू पकडणारा फासा. रेणू अडकला की फासा आक्रसतो, आणि तिथून वाहणारी इवलीशी वीज बदलते. त्यावरून अंगात कुठलं औषध किती आहे, हे दर पंधरा मिनिटांनी थांबाबाईला कळायचं.

शिवाय वय, वजन, मूत्रपिंड, यकृत यांचे आकडे घेऊन ती प्रत्येक पेशंटचं एक गणिती शरीर तयार करायची. खरी गोळी खऱ्या पोटात गेली की तशीच एक गणिती गोळी त्या गणिती पोटात जायची. पडद्यावर दोन रेषा दिसत. हिरवी म्हणजे जे व्हायला हवं ते, लाल म्हणजे जे होतंय ते. दोघी जोडीने चालल्या तर सगळं ठीक. लाल रेषा भरकटली, तर "कृपया थांबा."

ती कधी चुकली नव्हती. निदान असं आम्ही सगळे म्हणायचो.

भाद्रपदात पुरुषांच्या वॉर्डात आठ नंबरला शांताराम मेस्त्री दाखल झाले. वय बाहत्तर. चाळीस वर्षं दशावतारात राजाचं काम केलेलं, त्यामुळे पाणी मागितलं तरी सगळा वॉर्ड उठून बसायचा. रक्तदाब फार वाढला होता. त्यासाठी सकाळी फेलोडिपिनची एक गोळी, आणि संध्याकाळी कोलेस्टेरॉलची एक. मीठ बंद, खोबरं बंद, सुकी मासळी बंद. काकी रोज दुपारी भेटीच्या वेळेत यायच्या आणि आणलेला डबा परत न्यायच्या.

बुधवारी सकाळी आठ वाजता त्यांचं औषध आईकडे होतं. तिने त्यांचं नाव विचारलं, हातावरचा पट्टा पाहिला, गाणं म्हटलं, खण उघडला. गोळी पुढे केली, तर मेस्त्रीकाकांनी ती राजाने नजराणा घ्यावा तसा हात फिरवून घेतली आणि गोळी कॉटखाली गेली.

पडलेली गोळी द्यायची नसते. आईने ती शोधून टाकाऊ औषधांच्या पेटीत टाकली आणि थांबाबाईकडे दुसरी मागितली. थांबाबाई म्हणाली, "कृपया थांबा. गोळी टाकल्याचं पाहणारा साक्षीदार हवा."

"मिस घाडीगावकर, जरा येता?" आईने हाक मारली.

मी शेजारच्याच कॉटपाशी होते. आमच्या वर्गातले दोघं दाराशी उभे राहून तिच्या गाण्याला ठेका धरत होते, आणि मला तिथून लवकरात लवकर निघायचं होतं. पडद्यावर 'गोळी टाकताना मी प्रत्यक्ष पाहिली' असं वाक्य होतं. मी अंगठा टेकवला आणि गेले. पेटीकडे पाहिलं नाही. आईच्या हाताकडेही पाहिलं नाही.

अकराच्या सुमाराला मेस्त्रीकाका उठले, "आमी वायच जावन येतंव," असं त्यांनी दरबारात सांगावं तसं सांगितलं, दोन पावलं टाकली आणि डुलले. आई धावली. तिने त्यांना धरलं आणि दोघंही हळूहळू फरशीवर बसले. त्यांचा चेहरा लालबुंद, नाडी धावत होती, रक्तदाब चौऱ्याऐंशीवर पन्नास. डॉक्टरांनी त्यांना आडवं करून पाय वर ठेवले, सलाईन लावलं.

"माका कायएक झालेला नाय," काका झोपल्या झोपल्या म्हणाले. "त्या गाडयेक सांग, गप रव."

कारण थांबाबाई बोलत होती. पडद्यावर लाल रेषा हिरवीच्या दुप्पट उंच चढली होती. "आज दोन गोळ्या खणाबाहेर गेल्या. शरीरातली पातळी दोन गोळ्यांची आहे. एक गोळी टाकल्याची नोंद संशयास्पद. विद्यार्थिनी सुवर्णा घाडीगावकर यांचा औषध देण्याचा अधिकार स्थगित. कृपया हात स्वच्छ करा."

शेवटचं वाक्य ती प्रत्येक वेळी म्हणायची, त्यात टोमणा नव्हता. पण आई खरंच जाऊन हात धुऊन आली.

टाकाऊ पेटी रोज नऊ वाजता रिकामी करतात आणि आतला कचरा ट्रकने बाहेर जातो. म्हणजे ती गोळी आता कुठेतरी हायवेवर होती. उरले होते मी आणि माझा अंगठा.

आमच्या ट्यूटर फिलोमिना लोबो. उंच, सडसडीत, आवाज कधी न चढवणाऱ्या. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे त्या पहिल्या दिवसापासून आमच्याकडून रोज म्हणून घ्यायच्या. दुपारी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"मी एकच गोळी दिली," आई म्हणाली.

"दुर्वा, पहिली गोळी पेटीत टाकताना तू पाहिलीस?"

"मॅडम, मी अंगठा दिला आहे."

"अंगठा मला दिसतोय. पाहिलीस का, ते विचारते."

पाहिली म्हणाले असते तर ते खोटं होतं. पाहिली नाही म्हणाले असते तर न पाहता साक्ष दिल्याबद्दल माझ्यावर कारवाई होती. मी तिसरंच काहीतरी शोधून काढलं.

"मला नीट आठवत नाही, मॅडम."

मला तेव्हाच कळलं की हे उत्तर मला वाचवतंय आणि आईला बुडवतंय. तरी मी ते मागे घेतलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक आणखी वाईट गोष्ट होती. मला वाटत होतं, दिल्या असतील हिने दोन. गाण्याच्या नादात. थांबाबाई कशाला खोटं बोलेल?

शुक्रवारी चौकशी ठरली. दोष सिद्ध झाला तर आईचं नाव कमी होणार होतं.

त्या संध्याकाळी घरी कुणी कुणाशी बोलेना. बाबांनी ताटं वाढली. दोन वर्षं आमचं पाठांतर ऐकून त्यांचंही पाठ झालं होतं. "योग्य माणूस," माझ्यापुढे ताट ठेवत ते म्हणाले, "योग्य आमटी, योग्य मात्रा, योग्य वेळ. मार्ग तोंडाने." आम्ही दोघीही हसलो नाही. त्यांनी स्वतःची आमटी संपवली.

गुरुवारी आईला औषधांपासून दूर ठेवून चादरी बदलणं आणि लॉकर पुसणं दिलं होतं. दुपारी मी कँटीनमध्ये एकटी बसले होते. ती येऊन समोर बसली.

"तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फिनाईल कुठे ठेवतात तेवढं सांग. मेस्त्रीकाकांच्या लॉकरला मुंग्या लागल्यात."

"कशाने?"

"पपनसाच्या साली कोंबून ठेवल्यात. मंगळवारी काकी घरच्या झाडाचं आख्खं पपनस घेऊन आल्या आणि इथेच सोलून दिलं. काकांनी दुपारी एका बैठकीत संपवलं म्हणे. बाकी सगळं बंद आहे ना, मग माणूस फळांवरच तुटून पडणार. काकींनी विचारलंही होतं. ती चष्मेवाली पोरगी म्हणाली, फळं कितीही द्या."

चष्मेवाली पोरगी मीच. सोमवारी सांगितलं होतं, आणि बरोबरच सांगितलं होतं, असं मला वाटत होतं. मी चहाचा घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"अहो," मी म्हटलं, "पपनसाला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मला काय माहीत. बाजारात पपनसच म्हणतात."

मी पिशवीतून औषधशास्त्राचं पुस्तक काढलं. ते पान मला कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा पाठ होतं. पहिल्या वर्षी त्यावर प्रश्न आला होता आणि मला चारपैकी चार गुण पडले होते. 'ग्रेपफ्रूट व औषधांच्या आंतरक्रिया.' शेजारी अर्ध्या कापलेल्या फळाचं चित्र. मी ते पान शंभर वेळा वाचलं होतं, आणि ग्रेपफ्रूट हे परदेशातलं कुठलंतरी द्राक्ष असणार, असं समजून पुढे गेले होते.

आईने पुस्तक स्वतःकडे ओढलं, चित्र लांब धरून पाहिलं.

"हे पपनसच आहे," ती म्हणाली. "जरा खुजं राहिलंय."

ती फार चुकली नव्हती. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रं यांच्या संकरातून झालेलं फळ. पुस्तकातच खाली बारीक अक्षरांत ते लिहिलेलं होतं. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून मी ते वाचलं नव्हतं.

आपण गोळी गिळतो ती सगळीच्या सगळी रक्तात जात नाही. आतड्याच्या भिंतीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते नाक्यावर बसल्यासारखं येणाऱ्या औषधातला मोठा वाटा तिथेच मोडून टाकतं. फेलोडिपिनच्या शंभर भागांतले जेमतेम पंधरा पुढे जातात. किती गोळी द्यायची हे ठरवताना ही गळती धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधले आणि पपनसातले काही पदार्थ हे विकर निकामी करतात, आणि शरीराला नवं तयार करायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर नाका उघडा. माणूस एकच गोळी घेतो आणि रक्तात दोन गोळ्यांचं औषध जातं.

हे मी आईला समजावून सांगितलं. तिने नीट ऐकलं.

"म्हणजे मी एकच दिली होती," ती म्हणाली. विचारल्यासारखं म्हणाली, तेव्हा मला ते जाणवलं नाही.

आम्ही तशाच वॉर्डात गेलो आणि काकांचा दाखल होतानाचा कागद काढला. थांबाबाईने विचारलेले एकोणसाठ प्रश्न होते. त्रेचाळिसावा: आपण ग्रेपफ्रूट खाता का? उत्तर: नाही.

"ता खंयचा फळ?" मेस्त्रीकाका म्हणाले. "मी जल्मात बघूक नाय."

मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, मग काढला.

"मगे सरळ पपनस म्हणान इचारूक होया होता. मी काय खोटा बोलतलंय?" ते म्हणाले, आणि काकींचं नाव यात घेऊ नये म्हणून बराच वेळ सांगत राहिले.

शुक्रवारी चौकशीच्या खोलीत लोबो मॅडम, रुग्णालयाचे अधीक्षक, आम्ही दोघी आणि साक्षीदार म्हणून थांबाबाई. तिला दारातून आत आणताना एक चाक उंबऱ्यात अडकलं आणि अधीक्षकांना स्वतः उचलावं लागलं. "कृपया हात स्वच्छ करा," ती त्यांना म्हणाली.

मी उभी राहिले. आधी पपनसाचं सांगायचं आणि मग वेळ आली तर बाकीचं, असं ठरवून आले होते. पण मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि क्रम उलटा झाला.

"मॅडम, मी गोळी टाकताना पाहिली नाही. न बघता अंगठा दिला. मला आठवत नाही म्हणाले ते खोटं होतं."

"का बघितली नाहीस?"

"त्या गात होत्या. मला लाज वाटत होती."

अधीक्षकांनी खाली पाहिलं. आईही खाली पाहत होती. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढे बोल."

मी पपनसाचं सांगितलं. साली एका पिशवीत घालून आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या. मॅडमनी थांबाबाईच्या पडद्यावर त्रेचाळिसावा प्रश्न काढला आणि 'नाही'चं 'होय' केलं. वेळ टाकली मंगळवार दुपार, आणि बुधवारची गोळी एकच धरली.

हिरवी रेषा हलली. हळूहळू वर चढली आणि लाल रेषेच्या खाली जाऊन बसली. दोघींमध्ये बोट शिरणार नाही इतकी जवळ.

"हा योगायोगही असू शकतो," अधीक्षक म्हणाले. ते चांगले गृहस्थ होते, पण सहज पटवून घेणारे नव्हते.

"मग दुसरं औषध बघू," मॅडम म्हणाल्या. "कोलेस्टेरॉलची गोळीही त्याच विकराने मोडते. पपनस मंगळवारी दुपारी खाल्लं असेल तर मंगळवारी संध्याकाळी तिचीही पातळी वाढायला हवी."

त्यांनी मंगळवार काढला. लाल रेषा खरंच वर गेलेली होती, धोक्याच्या खुणेच्या जरा खाली, म्हणून थांबाबाई गप्प राहिली होती.

"मंगळवारी संध्याकाळी सुवर्णा घरी होत्या," मॅडम म्हणाल्या. "ही गोळी कुणी दिली?"

"मी," मी म्हटलं.

"गाणं म्हटलंस?"

"नाही, मॅडम."

"मग थांबाबाईच्या हिशेबाने तूसुद्धा जास्तीची गोळी दिलीस. तीही न गाता." मॅडम हसल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही फार वेळ नाही.

"अंदाज सुधारला," थांबाबाई म्हणाली. "विद्यार्थिनी सुवर्णा घाडीगावकर यांचा दोष आढळला नाही. अधिकार पूर्ववत." आणि मग हात स्वच्छ करायला सांगितलं. यावेळी आई गेली नाही.

माझा औषध देण्याचा अधिकार महिनाभर गेला. "न बघता दिलेली साक्ष ही चुकीच्या गोळीइतकीच वाईट," मॅडम म्हणाल्या. "बाकी शोधलंस ते चांगलं शोधलंस. ते वेगळं, हे वेगळं." मी मान हलवली. मला ती शिक्षा कमीच वाटली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा एक इंजिनिअर पुण्याहून आला. आमच्या भागातले लोक फळांना, भाज्यांना, काढ्यांना काय म्हणतात, याची यादी करायला. अर्ध्या तासाचं काम असेल, असं त्याला वाटलं होतं. मॅडमनी त्याला आईसमोर बसवलं. पेशंटला बघायला येणारी माणसं डब्यात काय आणतात, उशीखाली काय लपवतात, बाळंतिणीला काय पाजतात, सांधे दुखले की कुणाकडून कसली पुडी आणतात, हे ती बारा वर्षांच्या आठवणीने सांगत गेली. तो दोन दिवस राहिला. जाताना दमलेला दिसत होता, आणि त्याच्या हातात काकींनी दिलेलं एक पपनस होतं. मेस्त्रीकाका त्याच दिवशी घरी गेले. निघताना सगळ्या वॉर्डाला अभय देऊन गेले.

त्या संध्याकाळी आई आणि मी एसटी स्टँडवर उभ्या होतो. गाडीला वेळ होता. मला माफी मागायची होती.

"मला वाटलं होतं, तू दोन दिल्या असशील," मी शेवटी म्हटलं.

"मलाही वाटलं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"ती गाडी इतकी ठाम होती," आई म्हणाली. "दोन दिवस मी डोळे मिटून तीच सकाळ आठवत होते. कॉटखालून गोळी काढली, ती हातात होती, मग काय केलं? पेटीत टाकली, की सवयीने त्यांच्या हातावर ठेवली? जितकं आठवायला जावं तितकं पुसट होत गेलं. गुरुवारी तू पपनसाचं सांगितलंस तेव्हा कुठे मला वाटलं, मी शुद्धीवर आहे."

"मग मॅडमना एवढ्या खणखणीतपणे सांगितलंस ते?"

"तेव्हा खात्री होती. नंतर गेली."

समोरून एक गाडी आली, ती आमची नव्हती.

"तू पेटीकडे बघितलं नव्हतंस, ते मी तेव्हाच पाहिलं होतं," आई म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस? मॅडमनी विचारलं तेव्हा तू तिथेच होतीस."

"तुझ्यावर आलं असतं."

तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पण ते माझं चुकलं," ती म्हणाली. "नर्सने सांगायला हवं होतं. उद्या कुणाच्या जिवावर बेतलं असतं तर? पुढच्या वेळी मी सरळ सांगणार. मग तू रडलीस तरी."

"सांग," मी म्हटलं.